ईबुक रीडर घ्यायचाय, पण फॉरमॅटचा घोळ काही सुटेना (मराठी पुस्तकं, बहुतेक पीडीएफ)

ऋतुजा_कर्वेनगर

मंडळी, मदत हवीये. बाबांसाठी ईबुक रीडर घ्यायचाय आणि मी नुसती स्पेसिफिकेशनं वाचत बसलेय, जितकं वाचते तितका गोंधळ वाढतोय.

बाबा ७३ वर्षांचे, मोतीबिंदू काढून झालाय, मोबाइलवर वाचलं की डोळे चुरचुरतात आणि जाडजूड ग्रंथ धरला की मनगट बोंबलतं. वाचन मात्र दांडगं. इतिहास, बखरी, जुनी प्रवासवर्णनं, झालंच तर दिवाळी अंक. सकाळी फिरायला जाणारा त्यांचा एक ग्रूप आहे, त्या ग्रूपात पेनड्राइव्ह फिरत असतात, आज याचा उद्या त्याचा. काल एक उघडून बघितला तर आत भरपूर पीडीएफ (काही स्कॅन केलेल्या, काही छान टाइप केलेल्या), थोडे ईपब, दोन-चार मोबी (हे दोन्ही ईबुकचेच फॉरमॅट), वर्डच्या फाइली आणि डीजेव्हीयू नावाचं काहीतरी जे माझ्या लॅपटॉपवर उघडलंच नाही. शिवाय बाबांनी दोन वेगवेगळ्या ॲपवर विकत घेतलेली पुस्तकं आहेत ती वेगळीच.

एका दुकानात जाऊन आले, नाव नको, तिथला मुलगा म्हणाला मॅडम सगळे फॉरमॅट चालतात. म्हणलं डीजेव्हीयू? तर म्हणाला ते काय असतं.

बजेट साधारण पंचवीस हजार, थोडं मागेपुढे चालेल. कुठला रीडर काय काय खरंच उघडतो, आणि मराठी नीट दिसतं का, एवढंच सांगा.

चहाबाज

ॲमेझॉनचं किंडल घ्या. विषय संपला.

पेठेतला_खडूस

रीडर कशाला, अप्पा बळवंत चौकात जा आणि पिशवी भरून पुस्तकं आण, चार्जिंगची भानगड नाही. हलकेच घ्या.

ऋतुजा_कर्वेनगर

काका, पिशवी दुसऱ्या मजल्यावर चढवणार कोण, लिफ्ट नाहीये :) आणि या पेनड्राइव्हमधली निम्मी पुस्तकं चौकात काय, कुठेच मिळत नाहीत आता, म्हणून तर लोकांनी स्कॅन करून ठेवलीत.

तळेगाव_लोकल

चहाबाज, विषय संपला नाही, इथून सुरू होतो.

किंडल ईपब थेट उघडत नाही. २०२२ पासून सेंड टू किंडल ईपब घेतं, म्हणजे वेबसाइटवरून, ॲपवरून किंवा त्या किंडलच्या स्वतःच्या ईमेल पत्त्यावर तुम्ही फाइल पाठवायची, मग ॲमेझॉनचा सर्व्हर ती आपल्या फॉरमॅटात बदलणार आणि वायफायवरून तुमच्या किंडलवर उतरवणार. तीच ईपब केबल लावून डॉक्युमेंट्स फोल्डरात टाकली तर लायब्ररीत दिसतच नाही. वेबसाइटवरच्या यादीत ईपबचं नाव असतं खरं, पण ते 'कन्व्हर्ट करून' या गटात, आणि ते दोन शब्द कोणी वाचत नाही.

मोबीचं बरोब्बर उलटं. केबलने टाकली तर उघडते, पण सेंड टू किंडल आता मोबी घेत नाही. गंमत म्हणजे मोबी हा मोबीपॉकेट कंपनीचा फॉरमॅट, ती कंपनी ॲमेझॉननेच २००५ साली विकत घेतली होती, आता आपल्याच पोराला घराबाहेर काढलंय.

केबलनेच टाकायचं तर कॅलिबर घ्या, फुकट आहे. कोविद गोयल नावाच्या आपल्याच देशातल्या माणसाने २००६ मध्ये सोनीच्या रीडरसाठी म्हणून सुरू केलेलं सॉफ्टवेअर, आज जगात ईबुकं हाताळणारा जवळजवळ प्रत्येक जण तेच वापरतो. त्यात ईपबचं एझेडडब्ल्यू३ करायचं, तो किंडलचाच फॉरमॅट, ते किंडल मुकाट्याने घेतं.

अजून एक, ईमेलने पाठवायची मर्यादा ५० एमबी आणि वेबवरून २०० एमबी. जुन्या ग्रंथांचे स्कॅन पन्नास तर सहज ओलांडतात.

ऋतुजा_कर्वेनगर

म्हणजे बाबांनी पेनड्राइव्ह आणला की मी हापिसातून येईपर्यंत वाट बघायची, मग लॅपटॉप, मग कॅलिबर, मग केबल. अवघड आहे. त्यांना पेनड्राइव्ह लावला, फाइलवर बोट ठेवलं, पुस्तक उघडलं असं हवंय.

तळेगाव_लोकल

मग सरळ अँड्रॉइडवाला ई-इंक (कागदासारख्या पडद्याचा) रीडर बघा, त्यांना ओटीजी (पेनड्राइव्ह जोडायची छोटी केबल) लावून पेनड्राइव्ह वाचता येतो. पण थांबा, घाई नको, आधी फाइलींबद्दल कोणीतरी जाणकार बोलू दे.

अक्षरजुळारी

ऋतुजा, सगळे रीडरचं बोलतायत, मी फाइलींचं बोलतो. नारायण पेठेत डीटीपी (कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवणं) करण्यात हयात गेली, खिळे जुळवणारी माणसं शेवटची पाहिली, पेजमेकर आला तेव्हाही खुर्चीवर होतो, त्यामुळे या फाइली आतून कशा असतात ते ठाऊक आहे.

'पीडीएफ चालते' या वाक्याला मराठी पुस्तकांच्या बाबतीत काडीचा अर्थ नाही. पीडीएफ सगळीकडे चालते, कुठलाही रीडर घे. प्रश्न असा की आत काय आहे. एक म्हणजे स्कॅन, पानाचा निव्वळ फोटो. दुसरी डीटीपीतून निघालेली, ही सगळ्यात फसवी. दिसायला देखणी, मोठी केली तरी अक्षर फाटत नाही, माणसाला वाटतं वा. पण आतली अक्षरं श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, आयएसएम या जुन्या पद्धतीच्या फॉन्टांपैकी कशात तरी बसवलेली असतात. श्रीलिपी आपल्या पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची, आयएसएम सी-डॅकचं, तेही पुण्यातलंच, म्हणजे हा घोळ बराचसा आपल्याच गावात शिजलाय म्हण. अर्थात त्या काळात ही सॉफ्टवेअरं नसती तर मराठी छपाई कॉम्प्युटरवर आलीच नसती, त्यामुळे नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचं घर देणारी पद्धत) डीटीपीवाल्यांच्या टेबलापर्यंत पोचायच्या आधी काय करायचे, तर इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी चित्रं बसवायचे. कृतिदेवात 'राम' टाइप केलं तर फाइलमध्ये साठतात जे, के आणि ई ही तीन इंग्रजी अक्षरं. फॉन्ट लावला की राम दिसतो, फॉन्ट काढला की जेकेई. अशी पीडीएफ तू कॅलिबरमध्ये घालून ईपब केलीस की फॉन्ट गळून पडतो आणि पुस्तकभर जेकेई जेकेई. लोक मग रीडरला शिव्या घालतात, रीडरचा बिचाऱ्याचा काय दोष.

तिसरी जात युनिकोडमधली, नव्या पुस्तकांत सापडते, जुन्यांत नाही.

ओळखायचं सोपं. लॅपटॉपवर पीडीएफ उघड, एक ओळ सिलेक्ट कर, कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट कर. सिलेक्टच झाली नाही तर स्कॅन. इंग्रजी कचरा आला तर डीटीपीवाली. मराठी आलं तर युनिकोड, आणि मराठी आलं तरी जोडाक्षरं तपास, पीडीएफमधून बाहेर पडताना वेलांट्या आणि रफार जागा बदलतात.

चहाबाज

काका, पण कन्व्हर्टर मिळतात की. श्रीलिपी टू युनिकोड गूगल करा, ढिगाने.

अक्षरजुळारी

मिळतात रे. बातमी, पत्र, अर्ज यांना ठीक. पुस्तकाला नाही. 'कार्तिक' घे. जुन्या फॉन्टमध्ये ते लिहिताना आधी का, मग पहिली वेलांटी, मग त, मग रफार, मग क, असं डोळ्याला दिसतं त्या क्रमाने टाइप व्हायचं. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे, का मग र् मग त मग वेलांटी. म्हणजे कन्व्हर्टरला वेलांटी उचलून पुढे न्यायची आणि रफार उचलून मागे आणायचा, दोन्ही एकाच अक्षरावर. साध्या शब्दात जमतं, पण 'परिस्थितीचं' 'प्रातिनिधिक' वगैरे आलं की गाडी घसरते, आणि वर प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची घरं वेगळी, एकाच कंपनीच्या दोन व्हर्जनांची सुद्धा कधीकधी वेगळी. चारशे पानांचं मुद्रितशोधन करायची तयारी असेल तर कर.

म्हणून पहिल्या दोन जातींच्या पीडीएफ जशा आहेत तशा, पान म्हणूनच वाचायच्या. फॉन्ट मोठा करण्याची सोय त्यांच्यात नाही असं धरून चाल, आणि मग रीडरमध्ये बघायचं एकच, पडदा केवढा.

मोजपट्टी

अनुमोदन. जुळारी काकांच्या शेवटच्या वाक्यावर आकडे टाकतो, मी तेच मोजत बसतो.

सहा इंची पडदा म्हणजे साधारण ९ बाय १२ सेंटीमीटर. ७.८ इंची म्हणजे १२ बाय १६. आणि १०.३ इंची म्हणजे जवळपास १५.७ बाय २१, थोडक्यात ए५ कागद. आता मराठी पुस्तक डेमी असेल तर १४ बाय २१.५ च्या आसपास, क्राऊन असेल तर १२.५ बाय १९. डेमीचं अख्खं पान सहा इंचावर बसवलं की अक्षर निम्म्याच्या थोडं वर उरतं, मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी ते वाचायचं म्हणजे शिक्षाच. ७.८ वर समास कापले (क्रॉप) की क्राऊनचं पान जवळजवळ मूळ मापात येतं, डेमी थोडं बारीक पण चालेल असं. १०.३ वर डेमी जसंच्या तसं.

म्हणजे स्कॅन जास्त असतील तर फॉरमॅटची यादी बाजूला ठेवा आणि सहा इंच मनातून काढून टाका, मग ते कुठल्याही कंपनीचं असो. नवा सात इंचीही स्कॅनला तोकडाच.

एक पळवाट आहे. आडवं धरायचं आणि अर्धं अर्धं पान वाचायचं. मी रोज तसंच वाचतो पण घरचे हसतात.

पेठेतला_खडूस

रीफ्लो म्हणून काहीतरी असतं ना, स्कॅनचेही शब्द मोठे करून नव्याने ओळी लावतं ते?

तळेगाव_लोकल

असतं, आणि चक्क चालतं. केटूपीडीएफऑप्ट नावाचं एक साधन आहे, तेच केओरीडर नावाच्या फुकट वाचन सॉफ्टवेअरच्या पोटात बसवलंय. ते अक्षर ओळखायच्या फंदातच पडत नाही, पानाच्या चित्रातून एकेक शब्द चित्र म्हणून कापतं आणि मोठा करून पुढे मागे रचतं. त्याला मराठी इंग्रजी सगळं सारखंच. शिरोरेषेमुळे आपला शब्द एकसंध असतो, त्यामुळे मधेच तुटत नाही हा एक फायदाच. पण पान तिरकं स्कॅन झालेलं असेल, कागद डागाळलेला असेल, खाली बारीक टायपात तळटीपा असतील, किंवा ओवीचे चरण एकाखाली एक असतील तर त्याचं डोकं फिरतं. सलग गद्याला बरं.

केओरीडर ईपब, पीडीएफ, डीजेव्हीयू, एफबी२, मोबी, सीबीझेड, वर्डचं डॉक सगळं घेतं. अँड्रॉइडवर चालतं, कोबो आणि पॉकेटबुक या दुसऱ्या कंपन्यांच्या रीडरांवर चालतं. किंडलवर चालवायचं तर जेलब्रेक करावं लागतं, म्हणजे कंपनीचं कुलूप तोडावं लागतं, वडिलांच्या यंत्रावर नको ते प्रयोग.

बाणेरची_बया

कोबोचं कोणीच नाव घेत नाहीये म्हणून लिहिते, टंकायचा आळस बाजूला ठेवून.

कोबो ईपब थेट वाचतो, केबलने टाका, उघडला. पीडीएफ, मोबी, टेक्स्ट, आरटीएफ, कॉमिक्सचे सीबीझेड सीबीआर हेही. डीजेव्हीयू मूळ सॉफ्टवेअरमध्ये नाही. आता यातली मराठीची खुबी : कोबोत दोन इंजिनं आहेत. साधा ईपब ॲडोबीच्या इंजिनावर उघडतो आणि केईपब नावाचा कोबोचा स्वतःचा प्रकार दुसऱ्या इंजिनावर. देवनागरीसारख्या लिपीला हे दुसरं इंजिन जास्त मानवतं, जोडाक्षरं केईपबमध्ये भरवशाची. कॅलिबरच्या ८ व्या आवृत्तीपासून (२०२५) केईपब करायची सोय आतच आहे, वेगळं प्लगइन नको. शिवाय रीडरमध्ये फॉन्ट्स नावाचा फोल्डर करून त्यात हवा तो देवनागरी फॉन्ट टाकता येतो. मी तिरो देवनागरी मराठी टाकलाय, छापील पुस्तकाच्या जवळ जातो.

अडचण एकच, इथे सहज मिळत नाही. माझा वहिनीने कॅनडाहून आणला, वॉरंटी तिकडची.

चहाबाज

बरं आता माझं ऐका, नुसतं 'विषय संपला' म्हणून पळालो नव्हतो. डिसेंबर २०१६ पासून किंडलच्या दुकानात मराठी आहे, तिथून घेतलेलं पुस्तक पहिल्या पानापासून नीट दिसतं, अक्षर बोटाने मोठं होतं, बॅटरी आठवडे टिकते, वजन नाही, आणि वर काहीही सेटिंग नाही. माझी आई ८० ची आहे, तिला फक्त 'मागे' आणि 'पुढे' माहितीये, छान वाचते. भाचा नाशकातून तिच्या किंडलच्या ईमेलवर पुस्तक पाठवतो, सकाळी आलेलं असतं. तुम्ही लोक केओरीडर, केटूपीडीएफ, केईपब करत बसाल तेवढ्यात तिची कादंबरी वाचून झालेली असते.

तळेगाव_लोकल

हे मान्य. विकत घेऊन कादंबऱ्या वाचणाऱ्याला किंडलच. फक्त एक लक्षात ठेवा, विकत घेतलेली फाइल कॉम्प्युटरवर उतरवून केबलने टाकायची सोय फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, म्हणजे ते पुस्तक त्यांच्याच यंत्रावर आणि त्यांच्याच ॲपवर. पण ऋतुजाच्या बाबांचा पेनड्राइव्ह वेगळ्याच जातीचा आहे.

हिंजवडी_ग्रस्त

धाग्याला उशिरा आलो, कंपनीतून घरी यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात हा धागा वाचून होतो.

माझ्याकडे बूक्स कंपनीचा ७.८ इंची रीडर आहे. अँड्रॉइड, प्ले स्टोअर सकट. त्यामुळे फॉरमॅट हा प्रश्नच उरत नाही, त्या फॉरमॅटचं ॲप टाकलं की झालं. त्याचं मूळचं वाचनाचं ॲप निओरीडर ईपब, मोबी, पीडीएफ, डीजेव्हीयू, वर्ड उघडतं, समास कापायची सोय चांगली आहे आणि एकदा कापलं की पुस्तकभर तसंच राहतं. विकत घेतलेल्या पुस्तकांचं उत्तरही इथेच आहे. बुकगंगाची ईबुकं त्यांच्या ॲपमध्ये उघडतात, गूगल प्लेची गूगलच्या, किंडलची किंडलच्या ॲपमध्ये, फाइल हातात येत नाही, पण तिन्ही ॲपं एकाच यंत्रावर बसतात. साध्या ई-इंक रीडरवर यातलं फक्त एकच दुकान असतं.

आता वाईट बाजू, लपवत नाही. बॅटरी किंडलसारखी आठवड्यांवर जात नाही, वायफाय चालू ठेवलं तर दिवसांत मोजायची. सेटिंगचं जंगल आहे, रिफ्रेश मोडच इतके की मला अजून सगळे कळलेले नाहीत. प्रत्येक ॲप ई-इंकवर नीट चालेलच असं नाही, काही ॲपं पान उलटताना स्लाइड करतात ते इथे भुतासारखं दिसतं, ॲनिमेशन बंद करायची सोय शोधावी लागते. आणि बाबांनी त्यावर व्हॉट्सॲप टाकलं की वाचन संपलं.

पेठेतला_खडूस

शेवटचं वाक्य सोडून सगळं डोक्यावरून गेलं, पण ते एक शंभर टक्के खरं आहे.

ऋतुजा_कर्वेनगर

तुम्ही सगळे ग्रेट आहात. काल रात्री बसून जुळारी काकांची कॉपी-पेस्ट टेस्ट केली. निकाल : पीडीएफपैकी बहुतेक सगळे स्कॅन, दिवाळी अंक सगळे डीटीपीवाले (पेस्ट केलं तर खरोखर कंस, टक्के, आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी), युनिकोडवाल्या अगदी मोजक्या. एक 'ईपब' असा निघाला की आत नुसती पानांची चित्रंच होती, अक्षर मोठं होईना तेव्हा लक्षात आलं.

आता प्रश्न, जे थोडे खरे ईपब आहेत त्यांत मराठी नीट दिसेल का हे विकत घ्यायच्या आधी कसं तपासायचं?

अक्षरजुळारी

ईपब म्हणजे झिपच असतो. नावाच्या शेवटी झिप लिही आणि उघड, आतमध्ये पानं वेबपेजसारखी दिसतील आणि फॉन्टचा फोल्डर असेल तर तोही. नुसत्या जेपीजी दिसल्या तर चित्रांचा ईपब.

तपासायला एक टेक्स्ट फाइल कर, यूटीएफ-८ मध्ये सेव्ह कर, आणि ज्याच्याकडे रीडर असेल त्याच्यावर उघडून बघ. त्यात लिही : वाऱ्यावर, दुसऱ्या, कुऱ्हाड, ऱ्हास, उद्ध्वस्त, शृंगार, वाङ्मय, राष्ट्र, कर्तृत्व, ॲप, ऑफिस. 'वाऱ्यावर' मधला र आडवा, केसासारखा यायला हवा. तो रफार होऊन य च्या डोक्यावर बसला किंवा र ला पाय मोडून सुटा उभा राहिला तर तो रीडर मराठीला नालायक. 'ॲप' च्या जागी चौकोन आला तर फॉन्ट जुना, कारण ते अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीच्या फॉन्टांत त्याला घरच नाही.

आणि ल, श बघ. फॉन्टमध्ये मराठी वळण असेल आणि ईपबमध्ये भाषा मराठी अशी नोंदलेली असेल तरच आपल्या वळणाचे येतात. नाहीतर हिंदी ल, दांडीवाला. वाचता येतो, पण तुझे बाबा कुरकुर करतील, मी करतोच.

बाणेरची_बया

वाचनखूण साठवली! ही शब्दांची यादी कुणीतरी धाग्याच्या वर चिकटवा.

ऋतुजा_कर्वेनगर

अपडेट देते.

रविवारी हिंजवडी_ग्रस्त आणि मोजपट्टी दोघंही कोथरूडला येणार होते, डहाणूकर कॉलनीत एका चहाच्या दुकानात भेटलो, बाबांनाच घेऊन गेले. टेबलावर सहा इंची किंडल (चहाबाजने उदार होऊन आईचं पाठवलं, आभार), ७.८ आणि १०.३. पेनड्राइव्हमधला एक जुना स्कॅन तिन्हीवर उघडला.

बाबांनी मजकूर वाचलाच नाही. सरळ पानाच्या तळाला गेले आणि तळटीप वाचता येते का ते पाहिलं. म्हणाले इतिहासाच्या पुस्तकात खरं सगळं खालीच असतं, वर लेखकाची मतं. सहा इंचावर तळटीप म्हणजे मुंग्या, झूम केलं तर पान सरकवत बसावं लागतं. १०.३ वर अगदी छापील, पण हातात धरून पाच मिनिटांत त्यांनी ते टेबलावर टेकवलं, मनगट. ७.८ वर समास कापल्यावर मजकूर आरामात, तळटीप चष्मा लावून. आडवं धरल्यावर तर तळटीपही मोठी. मोजपट्टीने लगेच खिशातून पट्टी काढली, खरंच काढली, मला वाटलं आयडी गमतीत घेतलाय.

शब्दांची यादी तिन्हीवर नीट आली. ७.८ वर निओरीडरमध्ये ल हिंदी होता, यशोमुद्रा फॉन्ट टाकून आत निवडला तर मराठी झाला.

हिंजवडी_ग्रस्तांना स्वतःसाठी १०.३ घ्यायचाय त्यामुळे त्यांचं ७.८ आम्ही घेतलं, सेकंडहँड, बजेटच्या आत. किंमत इथे विचारू नका, विपू (वैयक्तिक निरोप) करा.

चहाबाज

किंडल हरलं म्हणायचं. आईचं परत पाठवा, तिने कालपासून तीनदा विचारलं.

तळेगाव_लोकल

अभिनंदन. बाबांना युनिकोड मराठी हवं असेल तर विकिस्रोतावर जा, मराठी विकिस्रोत. लेखक जाऊन साठ वर्षं झाली की आपल्याकडे पुस्तक कॉपीराइटमधून मोकळं होतं, अशी पुस्तकं तिथे लोकांनी टाइप करून, तपासून ठेवलीत. डाउनलोडचं बटण दाबलं की ईपब मिळतो, आणि त्याच खिडकीत फॉन्ट आत घालायचा पर्यायही असतो. हे स्कॅन नाही, अक्षर हवं तेवढं मोठं करा. तळटीपा सुद्धा.

मोजपट्टी

आणि केओरीडर टाकाच त्यावर, शब्दकोशासाठी. स्टारडिक्ट प्रकारचे कोश त्यात चालतात. जुन्या बखरी वाचताना मोल्सवर्थचा शब्दकोश हाताशी हवाच, स्कॅनवर बोट ठेवून शब्द शोधता येत नाही म्हणा, पण वेगळा उघडून टाइप करता येतो.

ऋतुजा_कर्वेनगर

विकिस्रोतावरून दोन ईपब उतरवले, बाबांनी अक्षर इतकं मोठं करून ठेवलंय की पानावर सात ओळी बसतात, पण खूश आहेत. डीजेव्हीयूही उघडलं, निओरीडरने काही न विचारता. पाचशे पानांचा ग्रंथ आणि फाइल एवढीशी, पीडीएफ त्याच्या कितीतरी पट होती. हा फॉरमॅट बंद का पडला मग?

तळेगाव_लोकल

स्कॅनसाठीच बनवलेला होता, अक्षरं एका थरात आणि कागदाचा रंग दुसऱ्या थरात दाबून ठेवतो म्हणून फाइल लहान. पण ब्राउझर आणि फोन यांनी पीडीएफला घरात घेतलं आणि याला नाही. इंटरनेट आर्काइव्ह आधी प्रत्येक पुस्तकाचं डीजेव्हीयू करून द्यायचं, २०१६ पासून नवीन करणं थांबवलं. तुमच्याकडची फाइल बहुतेक त्याआधी कोणीतरी उतरवून ठेवलेली. पीडीएफ करायच्या भानगडीत पडू नका, आहे तशी ठेवा.

ऋतुजा_कर्वेनगर

ठेवते. व्हॉट्सॲप टाकू दिलेलं नाही, प्ले स्टोअरवर पासवर्ड लावलाय, बाबा रुसलेत.

आता शेवटचं, ७.८ साठी कव्हर कुठे मिळेल? तपकीर गल्लीत दोन दुकानं पालथी घातली, सगळे टॅबची मापं दाखवतात.

मोजपट्टी

आठ इंची टॅबचं युनिव्हर्सल कव्हर घ्या, चारही कोपऱ्यांना इलॅस्टिकचे पट्टे असतात ते. चुंबकवालं घेऊ नका, झाकण हललं की यंत्र झोपतं आणि उठतं. आणि घेण्याआधी रीडर सोबत न्या, पॉवरचं बटण पट्ट्याखाली येत नाही ना ते बघून घ्या.